वेंगुर्ल्याचं बंदर बघायला जाताना: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळींसाठी

बेळगावातून हिंडलग्याकडं निघणाऱ्या रस्त्याला आजही सगळे वेंगुर्ला रोडच म्हणतात. ते नाव उगाच पडलेलं नाही. रेल्वे येण्याआधी बेळगावच्या छावणीला लागणारं सामान समुद्रमार्गे वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचं आणि बैलगाड्यांतून घाट चढून वर यायचं. आधी रामघाटानं, पुढं आंबोलीच्या घाटानं. १८८८ साली मार्मागोव्याहून कॅसलरॉककडं येणारी रेल्वे सुरू झाली आणि माल तिकडं वळला. मुंबई-गोवा आगबोटी नंतरही बरीच वर्षं वेंगुर्ल्याला थांबत होत्या. आता हे बंदर मुख्यतः मासेमारीचं.

आपल्याकडून जाणारे बरेच जण दुपारी बारा-साडेबाराला पोचतात. उन्हात तापलेला रिकामा धक्का बघतात, दोन फोटो काढतात, मासळीचं ताट जेवतात आणि ‘तिथं बघायला काही नाही’ म्हणत परत येतात. बंदर माणसाच्या सोयीनं चालत नाही, पाण्याच्या वेळेनं चालतं. ती वेळ साधली तर दोन तासांत जेवढं दिसतं, तेवढं एरवी दोन दिवसांत दिसत नाही.

कोणत्या दिवसांत जावं

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मासे अंडी घालतात तो हा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीनं झाकलेल्या दिसतील, माणसं जाळी विणत, तुणत बसलेली दिसतील. तेही बघण्यासारखं आहे, पण लिलाव नाही आणि धक्क्यावर वर्दळ नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि तिथून हंगामाला खरा जोर येतो.

ऑगस्टमध्ये एक चांगली गोष्ट जुळून येते. हंगाम नुकताच उघडलेला असतो आणि श्रावणामुळं बरीच घरं मासळी खात नाहीत. त्यामुळं आवक आणि गिऱ्हाईक यांचं गणित खाणाऱ्याच्या बाजूचं असतं. मात्र समुद्र अजून शांत झालेला नसतो आणि घाटात पाऊस-धुकं असतं. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. एप्रिल-मे महिन्यांत धक्क्यावर सकाळी नऊनंतर उभं राहवत नाही.

वारही बघावा. रविवार आणि बुधवारी मासळीला मागणी जास्त, दर चढे. सोमवार, गुरुवारी बरेच जण खात नाहीत, म्हणून गर्दी कमी आणि बोलायला कोळणींना जरा सवडही असते.

भरतीची वेळ तिथीवरून कशी काढायची

कोकणात पूर्वापार चालत आलेला हा हिशोब पाठच करून ठेवा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. चतुर्थीला तीन. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हीला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हे जमतं कारण चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच पुढं सरकते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळं फिरायचा बेत ठरवायला हा हिशोब पुरेसा आहे. बोटीत बसायचं असेल तर त्या दिवसाची भरती-ओहोटीची छापील वेळ बघा किंवा तिथल्याच माणसाला विचारा.

आता याचा उपयोग. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. ओहोटीला तिथं पाणी इतकं कमी होतं की भरलेली होडी तळाशी घासते. म्हणून खाडीत शिरणाऱ्या होड्या चढत्या पाण्याची वाट बघतात. रात्री जाळी टाकून पहाटे परतणाऱ्या होड्या सकाळच्या भरतीला आत येताना बघायच्या असतील तर अष्टमी ते द्वादशी हे दिवस उत्तम. त्या दिवसांत सहा ते नऊच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं आणि त्याच वेळी मासळी उतरते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ‘उधाणाची’ भरती असते, पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ओहोटी असल्यामुळं पुळण (किनाऱ्याची वाळू) रुंद मोकळी होते. खडकांतली डबकी, खेकडे, शंख मुलांना दाखवायचे तर हे दिवस. अष्टमीच्या आसपासच्या भरतीला ‘भांगाची’ भरती म्हणतात. चढ-उतार थोडा, ओढही कमी.

जायचं कसं

बेळगावहून हिंडलगा, सुळगा, बाची, तिथून हद्द ओलांडून शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी, मग आंबोली, घाट उतरून दाणोली, सावंतवाडी आणि वेंगुर्ला. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, स्वतःच्या गाडीनं साडेतीन तास धरा. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्यांनी बेळगावला यायची गरज नाही. संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा-आंबोली हा रस्ता सरळ पडतो. खानापूरकरांना जांबोटी-चोर्ला घाटानं गोव्याच्या बाजूला उतरून बांद्यावरूनही येता येतं. तिलारीचा घाट जवळचा वाटतो, पण उतार फार तीव्र आहे. घाटात गाडी चालवायची चांगली सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सकाळचा लिलाव गाठायला पहाटे दोन-अडीचला निघायचा बेत बरेच जण करतात. तो करू नका. चंदगड ते आंबोली पट्ट्यात गवे रात्री रस्त्यावर येतात. काळं अंग दिव्याच्या उजेडातही उशिरा दिसतं, आणि एक गवा पार झाला म्हणून गाडी पुढं काढली की मागचा समोर येतो. त्यात आंबोलीचं धुकं. आदल्या दिवशी दुपारी निघून उजेडात घाट उतरावा, वेंगुर्ल्यात मुक्काम करावा आणि पहाटे चालत बंदरावर जावं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, तेव्हा तासभर जादा धरा.

एसटीनं जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी मध्यवर्ती बसस्थानकावर चौकशी करावी. थेट गाडी नसली तर सावंतवाडीला उतरून वेंगुर्ल्याची गाडी मिळते. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीपाशी थांबवल्या जातात. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आगेमागे किंवा तशी काही बातमी असताना एसटीच्या भरवशावर बेत आखू नये.

धक्क्यावर

पायात रबरी पट्ट्यांच्या, मागं पट्टा असलेल्या चपला हव्यात. अथणीच्या कातडी चपला घरीच ठेवा. खारं पाणी लागलं की कातडं कडक होतं आणि शेवाळलेल्या दगडावर त्यांचा तळवा अजिबात धरत नाही. धक्क्याच्या पायऱ्यांवर हिरवट काळा थर दिसतो, तिथपर्यंत भरतीचं पाणी येतं आणि तिथंच माणसं घसरतात. त्या रेषेच्या खाली उतरू नये.

होडी लागत असताना दोराच्या वेटोळ्यात पाय नको. सैल पडलेला दोर लाटेबरोबर होडी मागं सरली की एका झटक्यात ताणला जातो. होडी आणि धक्का यांच्या मधल्या फटीत हात घालून आधार घेणं तर जिवावरचं आहे. फोटोसाठी कडेला टेकून उभ्या राहिलेल्या मुलांवर नजर ठेवा. क्रेट वाहणारी माणसं ओझ्यामुळं समोरचं नीट बघू शकत नाहीत, वाट त्यांना द्यायची.

पसरलेल्या जाळ्यावर चप्पल घालून चालू नये, ओलांडूही नये, वळसा घालावा. जाळं हे त्यांच्या पोटापाण्याचं साधन, आपण नांगराला पाय लावत नाही तसंच ते. शिवाय नायलॉनचा बारीक धागा दिसत नाही. पाय अडकला की जाळं फाटतं आणि ते तुणायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो.

माणसांचे फोटो विचारून काढा. भाषेची अडचण येत नाही. तिकडं मालवणी बोलतात, आपली मराठी त्यांना कळते. ‘कितक्याक’ म्हणजे कितीला, एवढं कानाला माहीत असलं तरी पुरे. मासे विकणाऱ्या बाईला काकी किंवा मावशी म्हणावं, आणि भाव चालू असताना मध्ये बोलू नये. लिलाव फार झटपट होतो. टोपली किंवा क्रेट समोर ओततात, बोली चढते, थांबते, पुढची टोपली येते. तिथं घेणारे व्यापारी आणि कोळणी ठरलेल्या असतात. घरगुती गिऱ्हाइकानं बोली लावू नये. दहा मिनिटं थांबून त्याच कोळणीकडून हवी तेवढी मासळी घ्यावी.

बंदराजवळच्या खाडीवर झुलता पूल आहे, पलीकडं नवाबागेची वस्ती आणि किनारा. पुलावर उभं राहिलं की खाडीतून आत येणारी होडी वरून दिसते. तांडेल (होडीचा म्होरक्या) वाळूचा उथळ भाग टाळत कसा वळसे घेतो ते तिथूनच नीट कळतं. टेकडीवर दीपगृह आहे. स्वच्छ हवेत पश्चिमेला समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची बेटं दिसतात. पाकोळ्यांच्या घरट्यांसाठी ती ओळखली जातात. तिकडं जायचा हट्ट होडीवाल्यांकडं धरू नये.

रापण ओढताना दिसली तर

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढत ओढत एकमेकींकडं सरकतात. सगळं मिळून दोन-तीन तास जातात. शेवटची पंधरा मिनिटं चुकवू नका. दोन्ही रांगा जवळ येतात, ओढण्याचा ताल वाढतो, मधली पिशवी उथळ पाण्यात येते आणि पाणी एकदम उकळल्यासारखं होतं. पेडवे आणि बांगडे अंगावर अंग टाकून उसळत असतात, वर बगळे, घारी, कावळे.

ओढायला हात लावायचा असेल तर विचारून रांगेच्या शेवटी लागा, दोर हाताला गुंडाळू नका. रापणीला मदत करणाऱ्याला थोडी मासळी द्यायची रीत आहे. ती कष्टकऱ्यांची वाटणी, आपण हौशी लोकांनी मागू नये. त्यांनी दिली तर जरूर घ्यावी.

जाळं पसरल्यावर अनवाणी पुढं जाऊ नका. टाकून दिलेला शिंगाळा मासा वाळूत पडलेला असतो आणि त्याच्या पाठीवरचा, कल्ल्यांजवळचा काटा करवतीसारखा दातेरी आणि विषारी असतो. टोचला तर ठणका मांडीपर्यंत चढतो. अशा वेळी पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेनं या विषाचा जोर ओसरतो. बर्फ लावू नका, त्यानं उलट ठणका राहतो. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर दवाखान्यात काढून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पाकट माशाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय. कासव जाळ्यात आलं तर रापणकार ते सोडून देतात; त्याला धरून फोटो काढू नका. जवळच वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात.

मासळी घेताना

बांगड्याची परीक्षा सोपी. डोक्याकडून धरून आडवा करा. ताजा असेल तर काठीसारखा सरळ राहतो, शिळा असेल तर शेपूट लोंबते. डोळा फुगीर आणि काळा चकचकीत हवा. पांढुरका, खोल गेलेला नको. कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवं, तपकिरी किंवा चिकट नको. पोटावर बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. सुरमई कापलेली घेत असाल तर मधल्या काट्याला मांस घट्ट चिकटलेलं आहे का बघा.

लहान मासळी वाट्यावर मिळते, मोठी वजनावर. वाटा घेताना वरची नव्हे, खालची मासळी हलवून बघा. ते बघू देतात, त्यात संकोच नको. साफ करायचे पैसे वेगळे असतात आणि ते द्यावेत. आडाळ्यावर (विळीवर) बसलेली बाई सुरमई शेपटीपासून डोक्याकडं खरवडते, एका ओढीत पोट उघडते आणि अंगठ्यानं आतली काळी पडदी पुसून काढते. ती पडदी राहिली तर कालवण कडवट होतं, म्हणून ‘पोट नीट पुसा’ एवढं सांगा. तळायला हवी असेल तर अर्ध्या इंचाचे गोल तुकडे, कालवणाला एक इंचाचे. शंभर-पाचशेच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. मोबाईलवरून पैसे जातात, पण ओल्या हातांनी आणि नसलेल्या रेंजनं फार वेळ मोडतो.

घाट चढून बेळगावला आणायची तर

बहुतेकांची इथंच चूक होते. मासळी प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोन मुठी बर्फ, आणि गाडीच्या डिकीत चार तास. कॅम्पातल्या मच्छी मार्केटात याहून ताजी मिळाली असती.

एक किलो मासळीला एक किलो बर्फ हे प्रमाण धरा, उन्हाळ्यात दीड किलो. पाच किलो मासळीला वीस-पंचवीस लिटरचा झाकणाचा थर्माकोलचा खोका लागतो. बर्फ लादीचा फोडून बारीक केलेला हवा. मोठे खडे मासळीला सगळीकडून लागत नाहीत आणि टोचून मांस फाडतात. मासळी निघण्याआधी साफ करून घ्या, कल्ले आणि आतडी काढून टाका, कारण कुजायची सुरुवात तिथूनच होते. खोक्यात तळाला दोन इंच बर्फ, मग मासळी पोट खाली करून, मग बर्फ, पुन्हा मासळी, आणि वर परत दोन इंच बर्फ. तळाला बारीक भोक पाडून खोका पसरट ट्रेमध्ये ठेवा. वितळलेल्या पाण्यात बुडून राहिलेली मासळी फिकी आणि मऊ पडते. मीठ टाकू नका, बर्फ लवकर संपतो. झाकण चिकटपट्टीनं बंद करा आणि वाटेत उघडून बघू नका.

बांगडा, सुरमई, कुपा या जातीचे मासे गरम राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर पित्त उठणं, डोकं दुखणं हा त्याचाच त्रास. बरेच जण त्याला ‘मासे बाधले’ म्हणतात, पण दोष कमी पडलेल्या बर्फाचा असतो. पेडवे तर पोटाशी फार लवकर फुटतात. ते वेंगुर्ल्यातच खाऊन घ्यावेत, आणू नयेत.

तिसऱ्या (शिंपले) घेतल्या तर त्या बर्फात घालू नका. गोणपाट समुद्राच्या पाण्यात भिजवून त्यात गुंडाळा, सावलीत ठेवा. घरी आल्यावर उघडी दिसलेली तिसरी टिचकी मारून बघा. मिटली तर जिवंत, न मिटली तर फेका. कुर्ल्या (खेकडे) नांग्या बांधूनच घ्या.

एसटीनं येणार असाल तर तळाला भोक नको, खोका जाड प्लॅस्टिकमध्ये घालून तोंड बांधा. पाणी गळणारा खोका वाहक गाडीत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

वेळ उरला तर

गावात डचांची वखार आहे. १६३७ च्या सुमाराला डच इथं आले आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला त्यांना हे ठिकाण सोयीचं होतं. पुढं १८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडं गेलं. वखारीच्या आता भिंतीच उरल्या आहेत. ढासळत्या जांभ्यावर चढू नका, पावसाळ्यानंतर गवतात सापाची भीती असते. चंदगड-खानापूरकडच्या काजूवाल्यांना इथल्या फळ संशोधन केंद्राची ओळख सांगायला नको. ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या कलमांचं गाव ते हेच.

दोन दिवस असतील तर दुसरा मालवणला द्या. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ ते १६६७ या काळात झालं. तिथं नेणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात आणि एरवीही लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टा आवळूनच बसायचं. मासळी मात्र मालवणच्या आधी घेऊ नका. परतीच्या दिवशी सकाळी घ्या, अकराच्या आत निघा. घाट दुपारी चढून तीन-चारला घरी पोचता येतं. पोचल्याबरोबर त्या रात्री लागणारी मासळी बाजूला काढा, बाकीची धुऊन पाणी निथळून एकेका वेळेच्या पुड्या करून लगेच बर्फाच्या कप्प्यात टाका. एकदा वितळलेली पुडी पुन्हा गोठवू नका. खोका लिंबू आणि मिठानं घासून उन्हात उघडा ठेवा, दोन दिवसांत वास जातो. आणि गाडी पुळणीवर नेली असेल तर खालच्या बाजूनं गोड्या पाण्याचा फवारा त्याच संध्याकाळी मारून घ्या.